लाल ठिपका, हिरवा तारा आणि इमाम गझाली

माहीमची_मास्तरीण:

शाळेत चारित्र्य शिकवायची टूम दर दहा-पंधरा वर्षांनी नवं नाव घेऊन येते. इथल्या बऱ्याच जणांनी परिपाठाला ती दहा मूल्यं घोकली असतील. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, सौजन्यशीलता, संवेदनशीलता वगैरे. आता खासगी शाळांत तेच 'कॅरेक्टर एज्युकेशन' होऊन आलंय, गुळगुळीत कागदाच्या वर्कबुकांसह. मी मुंबईतल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पाचवी-सहावीला शिकवते. आमच्याकडे महिन्याला एक गुण ठरतो आणि वर्गाच्या भिंतीवर तक्ता लागतो. मुलांची नावं, पुढे हिरवे तारे आणि लाल ठिपके. डबा वाटून खाल्ला की तारा, खोटं बोलताना सापडला की ठिपका. महिनाअखेरीस जास्त तारेवाल्याचा फोटो पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो.

मला हा तक्ता पहिल्या दिवसापासून खटकत होता. का खटकतो ते नेमकं सांगता येत नव्हतं. ते सापडलं इमाम गझालींच्या 'इह्या उलूम अद्-दीन' (धर्मविद्यांचं पुनरुज्जीवन) या अरबी ग्रंथात. आमच्या घरी त्याचं उर्दू भाषांतर होतं. अब्बा वाचून दाखवायचे तेव्हा माझ्या डोक्यात फक्त कबरीतल्या शिक्षेची वर्णनं राहिली. मोठेपणी, शिक्षिका झाल्यावर, ते परत उघडलं तेव्हा भलतंच पुस्तक हाती आलं.

ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी: अबू हामिद गझाली, जन्म १०५८, खुरासानातलं तूस. १०९१ मध्ये, तिशी नुकतीच ओलांडलेली असताना, बगदादच्या निझामिया मदरशात मुख्य अध्यापक. त्या काळात यापेक्षा मोठी नोकरी नव्हती. चार वर्षांत माणूस आतून कोसळला. शिकवायला उभे राहिले की तोंडातून शब्द फुटेना, घास गिळता येईना. 'मी हे सगळं अल्लासाठी करतोय की नावासाठी?' हा प्रश्न पाठ सोडेना. १०९५ मध्ये नोकरी सोडून ते दमास्कस, जेरुसलेम असे फिरत राहिले आणि याच सुमारास 'इह्या' लिहिली. चार भाग, प्रत्येकात दहा 'ग्रंथ' म्हणजे मोठी प्रकरणं, एकूण ४०. ११११ मध्ये तूसलाच वारले. शिक्षणावर लिहिणारा माणूस स्वतः शिकवता शिकवता मोडून पडला होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

बाविसावा ग्रंथ मनाला वळण लावण्यावर आहे. त्यात गझाली आधी स्वभाव कशाला म्हणायचं ते सांगतात. मनात पक्की मुरलेली अशी अवस्था, की तिच्यातून कृती सहज, विचार करत न बसता बाहेर पडते. कुणी एकदा लहर आली म्हणून पैसे वाटले तर तो दानशूर ठरत नाही. ज्याला देताना स्वतःशी झगडावं लागतं तोही अजून दानशूर नाही. पण तिथे पोहोचायचा रस्ता मात्र त्या झगड्यातूनच जातो. चिक्कू माणसाने आधी बळंबळं द्यायचं, गर्विष्ठाने बळंबळं वाकायचं, आणि करता करता ते अंगात उतरतं. ते सुलेखनाचं उदाहरण देतात. ज्याला खुशनवीस व्हायचंय त्याने उस्तादाचं अक्षर मुद्दाम गिरवावं, एक दिवस हात आपोआप तसा वळतो.

मग येतं मुलांबद्दलचं प्रकरण. सुरुवात कशापासून, तर जेवणापासून! मुलात सगळ्यात आधी दिसणारी हाव खाण्याची असते, म्हणून पहिले धडे दस्तरख्वानावर, म्हणजे जेवणाच्या पंगतीत. इतरांच्या आधी हात घालू नये, दुसऱ्याच्या घासाकडे टक लावू नये, नीट चावून खावं, कधीमधी नुसती कोरडी रोटी खायची सवय असावी. शाळेतून आल्यावर मुलाला खेळू द्यावं. खेळ बंद करून सतत अभ्यासाला जुंपलं तर त्याचं मन मरतं, बुद्धी मंदावते आणि ते अभ्यासातून सुटायच्या युक्त्या शोधू लागतं. (दादरच्या क्लासवाल्यांनी हे फ्रेम करून लावावं.)

आणि आता तो भाग ज्यासाठी हा धागा. मुलाने चांगलं काही केलं तर त्याचा मान करावा, त्याला आवडेल असं बक्षीस द्यावं, चारचौघांत कौतुक करावं. पण एखादे वेळी त्याच्याकडून चूक झाली तर तिकडे काणाडोळा करावा, विशेषतः मूल स्वतः ती झाकायची धडपड करत असेल तर. परत तेच केलं तर एकट्याला बाजूला घेऊन समजवावं. त्यांचं कारण बघा. एकदा चूक उघडी पडली की मूल निर्ढावतं, पुढच्या वेळी उघडं पडायची भीतीच उरत नाही. आणि सारखं रागावू नये, कारण बोलणी खायची सवय होते आणि शब्दांचं वजन जातं.

गझालींच्या लेखी मुलाला वाटणारा संकोच, शरम, हे त्याला अक्कल येऊ लागल्याचं पहिलं चिन्ह. ती शरम ही मुलाची ठेव आहे आणि ती मोडायची नसते. आमच्या तक्त्यावर आम्ही ती रोज थोडी थोडी मोडतो. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या नावापुढे इतके ठिपके झालेत की आता तो स्वतःच हसून सांगतो, 'टीचर, मेरा एक और लगा दो.' गझालींनी वर्णन केलेला मुलगा माझ्यासमोर उभा आहे आणि तो आम्ही घडवलाय.

अर्थात हे सगळं गझालींचं स्वतःचं नाही. बरंच मिस्कवैह यांच्या 'तहझीब अल-अख्लाक'मधून आलंय. हे मिस्कवैह इराण-इराकवर राज्य करणाऱ्या बुवैही घराण्याच्या दरबारी ग्रंथपाल, १०३० मध्ये वारले. त्यांनी मुलांबद्दलचा भाग घेतला ब्रायसन नावाच्या ग्रीक लेखकाकडून, आणि बाकीची बैठक ॲरिस्टॉटलची. शहाणपण, शौर्य, संयम, न्याय हे चार मूळ गुणही ग्रीकच. आणि आज पाश्चात्त्य विद्यापीठांत 'सद्गुण शिक्षण' म्हणून जे चाललंय तेही ॲरिस्टॉटलवरच उभं आहे. एकाच विहिरीचं पाणी, मधल्या हजार वर्षांचा रहाट मात्र कुणी मोजत नाही.

शनिवारी पालकसभा आहे. तक्ता काढा असं मांडायचं मनात आहे. इथले शिक्षक, पालक काय म्हणतात?


उनाड_पाऊस:

सुंदर लेख. क्लासवाल्यांबद्दलच्या वाक्याला +१०००. वाचतोय.


शंकासूर:

ताई, लिहिलंय छान, पण थेट विचारतो. इतकं नाजूक मानसशास्त्र नऊशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलं होतं तर मदरशांत छड्या कुठून आल्या? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत मारायला बंदी आहे, पण २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो कायदा मदरसे आणि वेदपाठशाळांना लागूच होत नाही. जुन्या ग्रंथांतलं निवडक मधुर तेवढं काढून दाखवायचं हा आपल्याकडचा जुना छंद आहे. आमचे लोक गुरुकुलाबद्दल हेच करतात, म्हणून ओळखू येतो.


माहीमची_मास्तरीण:

@शंकासूर, मग मधुर नसलेलंही घ्या. मी खेळाबद्दलचं वाक्य दिलं ना, त्याच्या बरोब्बर आधी गझाली काय म्हणतात माहितीय? उस्तादाने मारलं तर मुलाने आरडाओरडा करू नये, कुणाला मध्ये घालू नये, मर्दासारखं सोसावं. आणि पुढच्या वाक्यात, घरी आल्यावर त्याला खेळू द्यावं. एका दमात दोन्ही. त्यांना त्यात विसंगती दिसत नव्हती, आपल्याला दिसते.

मी त्यांना बालहक्कांचे पुरस्कर्ते ठरवत नाहीये. मार त्यांच्या जगात गृहीतच होता. चारचौघांत चूक उघडी पाडणं मात्र त्यांना घातक वाटत होतं. आमच्या शाळेत नेमकं उलटं आहे. हात लावत नाही आणि नाव भिंतीवर लावतो.


हाफिज_जोगेश्वरी:

अस्सलाम अलैकुम, नमस्कार. मी संध्याकाळी मकतबमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या धार्मिक शाळेत, नाझरा (कुराण बघून वाचणं) शिकवतो, सकाळी दुसरी नोकरी. शंकासूर भाऊंचा प्रश्न मी टाळणार नाही. छडी चालते, आजही काही ठिकाणी चालते, आणि 'उस्तादाच्या माराची जागा दोजखच्या आगीपासून वाचते' असलं काहीबाही पालकच आम्हाला सांगतात. म्हणे हाडं आमची, मांस तुमचं.

पण हे ग्रंथ लिहिले गेले ते छडी चालत होती म्हणूनच. कैरवान शहरात, आजच्या ट्युनिशियात, इब्न सहनून नावाचे मालिकी पंथाचे फकीह, म्हणजे धर्मकायद्याचे जाणकार होते, मृत्यू ८७०. त्यांचं 'आदाब अल-मुअल्लिमीन' म्हणजे गझालींच्याही दोनशे वर्षं आधीचा शिक्षकांचा नियमग्रंथ. छोटंसंच आहे, अगदी रोखठोक. मुलाला शिस्तीसाठी मारलंच तर तीनपेक्षा जास्त फटके नकोत. मुलांना स्वतःच्या घरकामाला पाठवू नये. सुट्टी कधी द्यायची, फी कशी ठरवायची, सगळं आहे. कुणीतरी दहा-दहा मारत असल्याशिवाय 'तीनच' असं कुणी लिहीत नाही.

त्यानंतर इतिहासकार इब्न खल्दून, त्यांचा ग्रंथ 'मुकद्दिमा', १३७७. ते तर सरळ सांगतात की धाकदपटशाने वाढवलेलं मूल आतून मिटतं, आळशी होतं, मार चुकवण्यासाठी खोटं बोलायला शिकतं, मनात एक आणि ओठांवर एक ठेवतं, आणि पुढे तोच त्याचा स्वभाव होऊन बसतो. मग ते हाच नियम अख्ख्या समाजांना लावतात. जुलमाखाली राहिलेल्या लोकांचं असंच होतं म्हणतात. मी हे वाचल्यावर माझी छडी ठेवून दिली. वर्ग थोडा गोंगाटी झाला. मुलं सबक (धडा) चुकली तर आता सांगतात, पूर्वी लपवायची.


बोरीबंदर_काका:

मी निवृत्त प्राध्यापक, मानसशास्त्र. आमचा विषय निघाला म्हणून जरा लांबण लावतो, माफ करा.

१९२० च्या दशकात अमेरिकेत हार्टशॉर्न आणि मे या दोघांनी दहा हजारांहून जास्त मुलांच्या प्रामाणिकपणाची परीक्षा घेतली. कॉपी करायची संधी, पैसे उचलायची संधी, खोटं बोलायची संधी, असं निरनिराळ्या प्रसंगांत. निष्कर्ष मोठा अडचणीचा निघाला. वर्गात कॉपी करणारं मूल खेळात लबाडी करेलच असं नाही. म्हणजे 'प्रामाणिक मूल' आणि 'अप्रामाणिक मूल' अशी सरळ वाटणी दिसेना. नीतीचे धडे मिळालेली मुलं इतरांपेक्षा फार वेगळी वागतात असंही दिसेना. या धक्क्याने चारित्र्य शिक्षण कित्येक दशकं अडगळीत गेलं. मग कोलबर्ग आले. त्यांनी गुणांचा विषयच सोडला आणि मुलं नैतिक पेचावर कसा विचार करतात त्याच्या सहा पायऱ्या मांडल्या. बायकोचा जीव वाचवायला औषध चोरावं का, हा त्यांचा प्रसिद्ध पेच. बीएडवाल्यांना आठवत असेल.

पुढे १९९१ मध्ये थॉमस लिकोना यांनी चारित्र्य परत चर्चेत आणलं. चांगलं काय ते कळणं, ते हवंसं वाटणं आणि ते करणं, अशी तीन अंगं. २००४ मध्ये पीटरसन आणि सेलिगमन यांनी २४ गुणांची यादी केली. आज शाळांत जी वर्कबुकं फिरतात त्यांतली बरीचशी या दोन झाडांची कलमं आहेत. आणि परिणाम? अमेरिकेच्या शिक्षण खात्याने तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठीचे असे सात कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर तपासले. २०१० चा अहवाल सांगतो की एकंदरीत पाहता मुलांच्या वागण्यात फरक पडला नाही.

तेव्हा ताई, तुमच्या शाळेचा तक्ता चालत नाही हे मान्य. पण गझालींचा 'पक्का मुरलेला स्वभाव' तरी असतो का, हा माझा प्रश्न आहे. हार्टशॉर्न आणि मे यांनी घाव तिथेच घातलाय.


माहीमची_मास्तरीण:

काका, याची वाटच बघत होते.

मला वाटतं तुमचा अभ्यास आणि गझाली एकमेकांच्या विरोधात जात नाहीत. गझालींची व्याख्या इतकी कडक आहे की त्या हजारो मुलांपैकी फार थोड्यांकडे तसा स्वभाव 'असणार'. मुरलेला स्वभाव हा मुलात सुरुवातीपासून असतो असं ते म्हणतच नाहीत. तो वर्षानुवर्षांच्या सरावाचा शेवट आहे. मुलाचं काळीज म्हणजे अजून काहीही न कोरलेलं निर्मळ रत्न, असं ते लिहितात. तेव्हा दहा वर्षांचं मूल इथे खरं आणि तिथे खोटं वागलं यात त्यांना नवल वाटलं नसतं. ते म्हणाले असते, अजून गिरवतोय.

लिकोनांची तीन अंगं वाचून मात्र मी हसले. 'इह्या'च्या चौथ्या भागात गझाली प्रत्येक गुणाची फोड इल्म, हाल आणि अमल अशी करतात. कळणं, मनाची अवस्था, कृती. मधलं अंग सगळ्यात अवघड आणि वर्कबुकात नेमकं तेच बसत नाही.


गिरगावची_ताई:

माझी अडचण वेगळीच आहे. लाल ठिपका काढा, ठीक. पण हिरवा तारा तरी का? चांगलं वागलं की तारा, मग तारा मिळणार नसेल तेव्हा? १९७३ मध्ये लेपर आणि सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या मुलांवर केलेला प्रयोग आठवतोय. चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांना 'काढलंस तर सर्टिफिकेट देऊ' असं आधी सांगितलं. ती मुलं नंतर मोकळ्या वेळात चित्रं कमी काढू लागली. ज्यांना अचानक बक्षीस मिळालं त्यांचं तसं झालं नाही.

आणि तुमच्याकडे रियाकारी, दिखाऊ पुण्य, हे मोठं पाप ना? मग चारचौघांत कौतुक करा असं गझाली कसं म्हणतात?


शंकासूर:

गिरगावच्या ताईंनी बरोबर खिळा ठोकला. बघू उत्तर.


हाफिज_जोगेश्वरी:

बहोत उमदा सवाल. 'इह्या'च्या तिसऱ्या भागात एक अख्खा ग्रंथ जाह आणि रिया यांवर आहे, म्हणजे मानमरातबाची भूक आणि दिखावा. आणि ज्यांनी तो लिहिला त्यांनी या भुकेपायीच बगदाद सोडलं होतं. म्हणजे त्यांना दोन्हीकडची खबर होती.

मी असं समजतो: मूल आधी खेळण्यासाठी शाळेत जातं, मग नव्या कपड्यांसाठी, मग नावासाठी. गझाली स्वतः हा क्रम मांडतात. एका हावेवरून दुसऱ्या, जरा बऱ्या हावेवर नेत नेत वर चढवायचं. चेंडूची लालूच दाखवून सुरुवात करा, हे त्यांना चालतं. पण जो नावाच्या पायरीवर येऊन तिथेच मुक्कामाला राहिला तो त्या रियाच्या ग्रंथात सापडतो. तक्त्यावरचा तारा सहा वर्षांच्या मुलाला चालेल. सहावीतल्या मुलाला अजूनही ताराच देत असाल तर पायरी चढवायची राहिली ना?

तुमच्या प्रयोगातलं 'अचानक' मला आवडलं. आमच्या मकतबमध्ये एक आपा होत्या, पुडीत खजूर ठेवायच्या. कधी देतील, कशासाठी देतील, याचा नेम नसायचा.


लोकलची_खिडकी:

चर्चा भारी चाललीय, पण सगळीकडे 'मुलगा', 'मर्द', 'उस्ताद'. मुली कुठे आहेत या शिक्षणशास्त्रात?


माहीमची_मास्तरीण:

@लोकलची_खिडकी, गझालींच्या त्या प्रकरणात जवळजवळ नाहीतच. लहान मुलग्याला रंगीत आणि रेशमी कपडे आवडू देऊ नका, ते बायकांचं काम, असंही त्यात आहे. मी ते वाक्य वर मुद्दामच दिलं नव्हतं, शंकासूर आनंदले असते.

पण मुंबईत हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच बायकांनी हातात घेतला. बद्रुद्दीन तय्यबजी आणि मंडळींनी १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लाम काढली. तिची ती देखणी इमारत व्हीटीसमोर रोज दिसते. त्याच तय्यबजी कुटुंबातल्या अतिया फैझी १९०६ मध्ये शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला लंडनला गेल्या आणि तिथली रोजनिशी उर्दूत लिहिली. हा भाग गझालींत शोधण्यात अर्थ नाही.


कुलाब्याचा_वारा:

अवांतर: माहीमचं नाव निघालंच आहे तर, माहीमच्या दर्ग्याचे सूफी संत मखदूम अली माहिमी (१३७२-१४३१) यांना आपण फक्त उरुसामुळे आणि पोलिसांच्या संदलमुळे (चंदनाच्या मिरवणुकीमुळे) ओळखतो. ते मोठे विद्वान होते. अरबीत कुराणाचं भाष्य, सूफी तत्त्वज्ञ इब्न अरबींवर लेखन. इब्न खल्दून गेले १४०६ मध्ये, म्हणजे दोघं काही काळ समकालीन. इकडे अख्लाकची, म्हणजे नीतिग्रंथांची परंपरा मुघलांपर्यंत पोचली होती. तेराव्या शतकातले विद्वान नसीरुद्दीन तूसी यांची 'अख्लाक-ए-नासिरी' अकबर वाचून घ्यायचा.


शंकासूर:

वर उल्लेख आलाच आहे म्हणून आनंद व्यक्त करतो. :-)

आता माझा शेवटचा आक्षेप, आणि हा मला खरोखर महत्त्वाचा वाटतो. ही सगळी व्यवस्था आज्ञापालनावर उभी आहे. 'अडाणी रोग्याने वैद्याचं ऐकावं तसं शिष्याने गुरूचं ऐकावं', हे गझालींचंच ना? सवय लावा, मुरवा, सहज होऊ द्या. यात मूल प्रश्न कधी विचारणार? लावलेली सवय वाईट असेल तर? धर्मांध माणसाची धर्मांधताही 'विचार न करता सहज' बाहेर पडते. कोलबर्ग कितीही कोरडा असला तरी तो मुलाला विचार तरी करायला लावतो.


बोरीबंदर_काका:

आक्षेप वजनदार आहे. सद्गुणवाल्या पाश्चात्त्य मंडळींनाही हाच प्रश्न विचारला जातो आणि तेही चाचपडतात. ॲरिस्टॉटलकडे निदान व्यवहारी शहाणपण नावाचा गुण आहे, कुठे किती ते ठरवणारा.


माहीमची_मास्तरीण:

वैद्याचं वाक्य गझालींचंच, हो. पण त्याच माणसाने आयुष्याच्या उत्तरार्धात 'अल-मुन्किझ' हे आत्मवृत्त लिहिलं. सुरुवातीलाच ते सांगतात की तरुणपणी माझ्या लक्षात आलं, ख्रिश्चनांची मुलं ख्रिश्चन होतात, ज्यूंची ज्यू, मुसलमानांची मुसलमान. आणि आईबापांचं, उस्तादांचं आंधळेपणाने मानण्याचा तो बंध तेव्हाच तुटला. मग ते डोळ्यांवर संशय घेतात, बुद्धीवर घेतात, दोन महिने पूर्ण संशयात काढतात. १९ व्या शतकातल्या एखाद्या बुद्धिवाद्याने लिहावं तसं आहे ते. म्हणजे हा माणूस मुलाला सवय लावतो आणि मोठा झाल्यावर त्या सवयीकडे संशयाने बघण्याची वाट स्वतः चालून दाखवतो. दोन्हींमध्ये पूल कुठे आहे ते मात्र ते सांगत नाहीत. तिथे तुमचा आक्षेप उरतो, मी तो खोडू शकत नाही.

'इह्या'त शिक्षकावर मात्र बंधनं बरीच आहेत. आपला विषय शिकवताना दुसऱ्याच्या विषयाला नावं ठेवू नये, मुलाच्या कुवतीबाहेरचं त्याच्यावर लादू नये, वाईट सवयीपासून परावृत्त करताना शक्यतो थेट बोलू नये, आडून सुचवावं. आणि स्वतः शिकवतो ते स्वतः वागावं. वर्कबुकात शिक्षकाने कसं वागावं याचं एक पान नाही, सगळी चारशे पानं मुलांसाठी.


हाफिज_जोगेश्वरी:

प्रश्न विचारण्याबद्दल एक भर. आमच्या मदरशांत झरनूजींचं 'तालीम अल-मुतअल्लिम' शिकवतात, साधारण १२०० च्या आसपासचं. लोकांना त्यातला अदब तेवढा लक्षात राहतो, उस्तादापुढे चालू नये, त्याच्या जागी बसू नये. पण त्यातच लिहिलंय की एक घटका आपसात वाद-चर्चा करणं हे महिनाभर घोकण्यापेक्षा बरं. मी पोरांना शुक्रवारी जोडीने बसवून एकमेकांना प्रश्न विचारायला लावतो. शंकासूर भाऊ, कधी या जोगेश्वरीला, चहा माझ्याकडून.


शंकासूर:

येतो. पण वाद घालायला येतो.


कुर्ला_पश्चिम:

मी महापालिकेच्या शाळेत आहे, सतरा-अठरा वर्षं झाली. बरीच पुस्तकी चर्चा झाली, मी जरा खालचं बोलते.

तक्त्यावर पहिले दोन गुण कायम कोणते असतात? वेळेवर येणं आणि नीटनेटकं राहणं. का, तर ते मोजायला सोपे. गेटवर उभं राहून दिसतात. आता आमच्या वस्तीत नळाला पाणी सकाळी ठरावीक तासभर येतं, तेही शाळेच्या वेळेला. हंडे भरायला घरातलं मोठं मूल लागतं, बहुतेक वेळा मुलगी. ती उशिरा येते, ओल्या फ्रॉकमध्ये येते. तक्त्याच्या हिशोबाने ती आळशी आणि गबाळी. खरं म्हणजे वर्गातली सगळ्यात जबाबदार पोरगी तीच आहे. पाऊस पडून लोकल बंद पडल्या की टॅक्सीने येणाऱ्याला तारा आणि चालत येणाऱ्याला ठिपका.

खासगी शाळांतही आता शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांवरची, गरीब घरांतली मुलं आहेत. ताईंच्या तक्त्यावर कुणाचे ठिपके जास्त आहेत ते एकदा नावं लावून बघा म्हणते.

काकांनी मार्शमॅलोचा प्रयोग सांगितला नाही. एक गोळी आत्ता की थांबलास तर दोन, हा तो. थांबणारी मुलं पुढे यशस्वी होतात असं कित्येक वर्षं सांगितलं जायचं. २०१८ मध्ये मोठ्या गटावर परत तपासलं तेव्हा घरची परिस्थिती जमेस धरल्यावर तो संबंध बराच क्षीण झाला. ज्या घरात उद्याची खात्री नाही तिथलं मूल आज मिळेल ते खातं. त्याला संयमाचा धडा कशाला देताय?


हाफिज_जोगेश्वरी:

@कुर्ला_पश्चिम आपा, इब्न सहनूनच्या त्याच पुस्तकात हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन आहे. ज्या शिक्षकाच्या हाती या उम्मतची (मुस्लिम समाजाची) तीन मुलं दिली आणि त्याने गरिबाला श्रीमंताबरोबर आणि श्रीमंताला गरिबाबरोबर सारखं शिकवलं नाही, तो कयामतच्या दिवशी दगाबाजांच्या रांगेत उठेल. वर फटक्यांचा नियम लिहिला तेव्हा मी हे सोडूनच गेलो होतो, खरं तर ते आधी यायला हवं होतं.


बोरीबंदर_काका:

कुर्ल्याच्या बाईंचा मुद्दा हार्टशॉर्न आणि मे यांच्याही पुढचा आहे. आपण स्वभाव मोजतोय असं वाटतं आणि मोजतो पत्ता.


माहीमची_मास्तरीण:

आत्ता तक्ता काढून नावं लावली. जास्त ठिपकेवाली आठ मुलं. त्यांतली सहा राखीव जागांवरची. वेळ आणि गणवेश हे दोन रकाने वगळले तर त्या सहांतल्या चौघांचे ठिपके वर्गातल्या इतरांइतकेच.

पालकसभेत आधी हे दोन रकाने काढायला सांगते, आकडे दाखवून. चारचौघांत ठिपका द्यावा का, तारा द्यावा का, हे दुसऱ्या फेरीत. तिथे मुख्याध्यापिका गझालींपेक्षा वर्कबुकवाल्या कंपनीचं जास्त ऐकतील, तेव्हा काका, तो २०१० चा अहवाल मला मेल करा.